बंदूक दाराआड, मोर्चा रस्त्यावर

३० जानेवारी १९५६ च्या रात्री अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात एका तरुण पाद्र्याच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. पाद्री सभेला गेला होता. घरात बायको आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी. दोघी बचावल्या. मार्टिन ल्यूथर किंग धावतपळत घरी पोहोचले तोवर अंगणात शेकडो काळे लोक जमले होते. अनेकांकडे बंदुका होत्या, कुणाकडे सुरे, कुणाच्या हातात बाटल्या. महापौर आणि पोलिसप्रमुखही तिथेच उभे होते. एखादी ठिणगी पडली असती तर त्या दोघांचं काय झालं असतं हे सांगायला नको. सत्तावीस वर्षांच्या किंगनी त्या मोडक्या ओसरीवरून लोकांना हत्यारं आवरायला सांगितली आणि घरी जायला सांगितलं. लोक गेले.

ही रात्र अहिंसेचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि तो होताच. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की त्यानंतर थोड्याच दिवसांत किंगनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. रात्री त्यांच्या घराला ओळखीच्या माणसांचा पहारा असे, आणि पहारेकरी रिकाम्या हातांनी येत नसत. त्याच सुमारास गांधींचा मार्ग मानणारे कार्यकर्ते बेयर्ड रस्टिन किंगना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचा पत्रकार ज्या खुर्चीत टेकणार होता तिच्यात पिस्तूल पडलेलं होतं. रस्टिननी ओरडून त्याला थांबवलं.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा नागरी हक्कांचा लढा हे न्याय्य युद्ध होतं का, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. लढा न्याय्य होता याबद्दल आज उघडपणे कुणी वाद घालत नाही. पण युद्ध? बसमधल्या जागेसाठी, दुकानातल्या कॉफीच्या कपासाठी, मतदारयादीतल्या नावासाठी चाललेल्या या झगड्याला युद्धाची मोजपट्टी कशाला लावायची? पुढच्या पानांत वाचकाला या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं भेटतील. मोजपट्टी लावून पाहण्यात काय हाती लागतं आणि ती कुठे अपुरी पडते, एवढं सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

मोजपट्टी जुनी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनपासून तिची सुरुवात धरतात. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने तीन अटी नीट मांडल्या: युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. पुढे त्यांत भर पडत गेली. दुसरे सगळे उपाय थकलेले असावेत, यशाची काही शक्यता असावी, होणारं नुकसान मिळणाऱ्या फळाच्या मानाने बेसुमार नसावं, आणि लढताना निःशस्त्रांवर हात उचलू नये. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. कुरुक्षेत्रावर पहिला शंख वाजण्याआधी दोन्ही बाजूंनी असेच नियम ठरवले होते, आणि तेराव्या दिवशी अभिमन्यूच्या भोवती त्यांचं काय झालं हेही आपल्याला माहीत आहे.

विसाव्या शतकात हा विचार पुन्हा चर्चेत आणणारं पुस्तक म्हणजे मायकेल वॉल्झर यांचं ‘न्याय्य आणि अन्याय्य युद्धं’. ते १९७७ साली आलं आणि त्याच्यामागे व्हिएतनामची सावली होती. पण त्याच्या बरीच वर्षं आधी, १९६० साली, पंचविशीतले वॉल्झर एका नियतकालिकासाठी उत्तर कॅरोलायनात गेले होते; दुकानांतल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’च्या बाकड्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांवर लिहायला. युद्धाच्या नीतीवरचं त्यांचं पुस्तक संपतंही ते अहिंसेवरच्या एका टिपणाने. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रतिपक्ष काही मर्यादा पाळत असेल तरच अहिंसा चालते. रात्रीत माणसं नाहीशी करणाऱ्या सत्तेपुढे ती निष्प्रभ ठरते. नागरी हक्क चळवळीच्या बाबतीत खरी अडचण इथेच येते. तिचा प्रतिपक्ष दोन्ही प्रकारचा होता. न्यायालयात मर्यादा पाळणारा, आणि मिसिसिपीच्या रात्रीत माणसं नाहीशी करणारा.

युद्ध चालू होतं की नाही, याचा निकाल लावायला १९५५ च्या मागे जावं लागतं. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते १८७३ साली. त्याच वर्षीच्या ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कचेरीच्या इमारतीत मोर्चेबंदी करून बसलेल्या काळ्या माणसांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. सोबत तोफही होती. किती मेले याचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात, आणि बरेचसे शरण आल्यावर मारले गेले. खटला झाला; १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या. कारण असं दिलं, की चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना बांधत नाही. पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या राज्यांच्या कारभारामागचं केंद्रीय लष्कर काढून घेतलं गेलं. १८९८ साली उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये काळ्या-गोऱ्यांचं मिळून निवडून आलेलं नगरप्रशासन बंदुकीच्या धाकाने उलथवून टाकलं. १८७७ ते १९५० या काळात जमावांनी चार हजारांहून अधिक काळ्या माणसांना ठार केलं.

हे शतक उलटलं तरी थांबलं नव्हतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा सैनिक दुसऱ्या महायुद्धातून सुटून गणवेशातच घरी निघाला होता. दक्षिण कॅरोलायनात बसचालकाशी बाचाबाची झाल्याचं निमित्त होऊन पोलिसांनी त्याला उतरवलं आणि दंडुक्याने मारून दोन्ही डोळे कायमचे घालवले. मारणाऱ्या पोलिसप्रमुखाची निर्दोष सुटका झाली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला मारून नदीत टाकलं गेलं. सगळ्या गोऱ्यांच्या ज्यूरीला आरोपींना सोडून द्यायला तास-सव्वातास पुरला. १९५६ साली त्याच राज्याने एक सरकारी हेरखातं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मिसिसिपी राज्य सार्वभौमत्व आयोग’. चळवळीतल्या लोकांवर पाळत ठेवायची आणि वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या संघटनांना पैसा पुरवायचा, हे त्याचं काम. सरकारी तिजोरीतून पैसा घेऊन, आपलं सार्वभौमत्व धोक्यात आहे असं म्हणत एक राज्य आपल्याच नागरिकांविरुद्ध उभं राहतं तेव्हा त्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणणं फारच सौम्य होईल. प्रस्तुत लेखकाच्या मते युद्ध चालूच होतं. ते दुसऱ्या बाजूने पुकारलेलं होतं आणि आठ दशकं एकतर्फी चाललं होतं. १९५५ नंतर बदललं ते इतकंच, की मार खाणारी बाजू संघटित होऊन मैदानात उतरली.

म्हणून न्याय्य कारणाच्या अटीवर फार वेळ घालवायला नको. अवघड आहे ती अधिकाराची अट. राजा नाही, संसद नाही, सैन्य नाही. मग लढा पुकारायचा कुणी? दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या नेत्यांनी हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या दारात नेला होता. १९४६ साली नॅशनल नीग्रो काँग्रेसने केलेल्या अर्जाची बातमी वाचून डॉ. आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागवली होती. भारतातले अस्पृश्यही तीच वाट धरण्याच्या विचारात आहेत असं त्यांनी कळवलं. १९५१ साली तर अमेरिकी सरकारवर वंशसंहाराचा आरोप ठेवणारं निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिलं गेलं. त्यातून फारसं काही निघालं नाही.

अधिकार आला तो खालून. ५ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीतल्या होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये हजारो लोक जमले आणि काळ्या प्रवाशांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध सुरू केलेला बसवरचा बहिष्कार चालू ठेवायचा हे उभं राहून ठरवलं. बहिष्कार ३८१ दिवस चालला. अधिकाराचा याहून चोख पुरावा मिसिसिपीतला. तिथल्या काळ्यांना मतदानच करू देत नव्हते, तेव्हा १९६३ च्या शरदात चळवळीतले कार्यकर्ते बॉब मोझेस आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतःची समांतर निवडणूक घेतली. चर्चमध्ये, केशकर्तनालयांत, दुकानांत मतपेट्या ठेवल्या. गव्हर्नरपदाचा उमेदवार होता औषधाचं दुकान चालवणारा ॲरन हेन्री. सुमारे ८०,००० लोकांनी मतं टाकली. ज्यांना मताची फिकीरच नाही असं सांगितलं जात होतं, त्यांची ही मतं होती. जवळजवळ निम्म्या प्रजेला मतपेटीपासून लांब ठेवून निवडून आलेल्या गव्हर्नरपेक्षा या ८०,००० लोकांनी नेमलेल्या माणसाचा अधिकार कमी होता, असं अक्विनासला तरी म्हणता आलं असतं का, याची शंका आहे.

शेवटचा उपाय म्हणूनच लढा हवा, ही अट चळवळीने जवळजवळ हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने पाळली. माँटगोमेरीतल्या पहिल्या मागण्या वाचून आज आश्चर्य वाटतं. बसमधला भेद रद्द करा असं त्यांत नव्हतंच. काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण बसलेल्याला उठवू नये. चालकांनी सौजन्याने वागावं. काळ्यांच्या वस्त्यांतल्या मार्गांवर काळे चालक नेमावेत. एवढंच. तेही नाकारलं गेलं, तेव्हा खटला भरला गेला आणि न्यायालयाने भेदच घटनाबाह्य ठरवला. बर्मिंगहॅममध्ये १९६२ साली व्यापाऱ्यांनी ‘गोऱ्यांसाठी’च्या पाट्या काढायचं कबूल केलं, काहींनी काढल्याही, आणि थोड्याच दिवसांत त्या परत लागल्या. एप्रिल १९६३ मध्ये किंगनी तुरुंगातून आठ गोऱ्या धर्मगुरूंना जे प्रसिद्ध पत्र लिहिलं त्यात या पाट्यांचा हिशेब आहे. आधी वस्तुस्थिती गोळा करायची, मग बोलणी, मग स्वतःच्या मनाची तयारी, आणि त्यानंतर रस्त्यावर उतरायचं, हा क्रम त्यांनी तिथे मांडला. किंगचा मूळ शब्दव्यवहार बायबलचा असला तरी हा क्रम न्याय्य युद्धाच्या शास्त्रातला वाटावा इतका जवळचा आहे.

मनाची तयारी म्हणजे काय, हे पाहायला नॅशव्हिलला जावं लागतं, आणि नॅशव्हिलला जायचं तर वाटेत नागपूर लागतं.

जेम्स लॉसन हा मेथडिस्ट तरुण कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार देऊन वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिला. सुटल्यावर १९५३ साली तो मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे शिकवायचा, मुलांना खेळांचं प्रशिक्षण द्यायचा, आणि गांधींबरोबर काम केलेल्या माणसांना शोधून भेटायचा. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्याने माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी वाचली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला परतला, १९५७ च्या आरंभी किंगना भेटला, आणि ताबडतोब दक्षिणेत या, असं किंगनी त्याला सांगितलं.

नॅशव्हिलच्या चर्चच्या तळघरांत लॉसनने ज्या कार्यशाळा घेतल्या त्या बघणाऱ्याला कवायतच वाटाव्यात. एक गट गोऱ्या गुंडांचं सोंग घेई, दुसरा बाकड्यावर बसे. गुंड शिव्या देत, खुर्ची खेचून पाडत, तोंडावर धूर सोडत, केस ओढत. पडल्यावर डोकं आणि पोट कसं सांभाळायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर हात न उचलता स्वतः मध्ये कसं यायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जाई. ज्याला राग आवरत नाही त्याला बाकड्यावर पाठवायचं नाही. त्याने फोन सांभाळावा, गाड्या चालवाव्यात. १९६० च्या फेब्रुवारीत बसायला सुरुवात झाली तेव्हा विद्यार्थ्यांकडे नियमांचा कागद होता. उलट मारू नका, मोठ्याने हसू नका, सरळ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, म्होरक्याने सांगितल्याशिवाय उठू नका. २७ फेब्रुवारीला गुंडांनी मारहाण केली. पोलिसांनी गुंडांना सोडून विद्यार्थ्यांना पकडलं. एक तुकडी गाडीत बसली की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसे. मे महिन्यात दुकानांनी बाकडी सगळ्यांना खुली केली. डायान नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हल ही सगळी पुढे गाजलेली माणसं याच तळघरांतून तयार झाली. युद्धाला ठाम नकार देऊन तुरुंगात गेलेल्या माणसाने अमेरिकेतलं बहुधा सर्वांत शिस्तबद्ध दल उभं केलं, यातली गंमत लॉसनच्याही ध्यानात आली असणार. २०२२ साली लष्करी इतिहासाचे अभ्यासक टॉमस रिक्स यांनी या चळवळीचा इतिहास चक्क लष्करी मोहिमांच्या अंगाने लिहिला: प्रशिक्षण, रसद, टेहळणी, राखीव तुकड्या. ते पुस्तक पटतं, याचं बरंचसं श्रेय नॅशव्हिलला जातं.

पण इतकी शिस्त असूनही एका ठिकाणी ही मोहीम नियमांच्या कडेवर येऊन उभी राहिली, आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. बर्मिंगहॅममध्ये एप्रिल १९६३ च्या शेवटी स्वयंसेवक आटले होते. मोठी माणसं अटक झाली की नोकरी गमावत, घराचे हप्ते थकत. बेव्हलने उपाय सुचवला: शाळकरी मुलं. त्यांना ना नोकरी ना हप्ते. किंग बराच काळ चाचरत राहिले. शेवटी, जे मूल स्वतःच्या मनाने चर्चचं सदस्य होऊ शकतं ते तुरुंगात जायचंही ठरवू शकतं, असा युक्तिवाद मान्य झाला. २ मे रोजी सोळाव्या स्ट्रीटवरच्या चर्चमधून पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी मुलं गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त बुल कॉनरने आगीचे बंब आणि कुत्री सोडली. ती छायाचित्रं जगभर छापून आली, आणि १० मेला तडजोड झाली. तुरुंग इतके भरले होते की मुलांना जत्रेच्या मैदानावर कोंडावं लागलं होतं.

ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी आणि माल्कम एक्स यांचं फार थोड्या गोष्टींवर एकमत होत असे. मुलांना पुढे करू नये, यावर झालं. युद्धाच्या नीतीतले नियम शत्रूच्या निःशस्त्र प्रजेला वाचवण्यासाठी आहेत. आपल्याच कोवळ्या मुलांना जाणूनबुजून पाण्याच्या माऱ्यापुढे उभं करण्याबद्दल ते जवळजवळ मुके आहेत. बेव्हलची बाजू घ्यायची तर असं म्हणता येतं, की घरी बसलेली मुलंही सुरक्षित नव्हती. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी त्याच चर्चमध्ये बॉम्बने चार मुली मारल्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि एक अकरा वर्षांची. त्या मोर्चात नव्हत्या, प्रार्थनेला आल्या होत्या. यामुळे मे महिन्यातला निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. पण मुलांना कुठे ठेवलं असतं म्हणजे ती वाचली असती, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडेही नव्हतं.

बहिष्काराने होणाऱ्या नुकसानीबद्दलचा आक्षेप त्यामानाने हलका आहे. धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबूर यांनी १९३२ सालीच म्हटलं होतं, की अहिंसक दबाव हाही दबावच; गांधींनी विलायती कापडावर टाकलेल्या बहिष्काराची झळ मँचेस्टरच्या मजुरांच्या मुलांना बसते. किंगनी नीबूर वाचले होते आणि या बाबतीत स्वतःची फसवणूक करून घेतली नाही. बर्मिंगहॅमची मोहीम ईस्टरच्या खरेदीच्या तोंडावर ठेवली ती व्यापाऱ्यांच्या गल्ल्याला बसावी म्हणूनच. गल्ल्याचं नुकसान भरून निघतं.

आता पुन्हा दाराआडच्या बंदुकीकडे. उत्तर कॅरोलायनातल्या मन्रो गावी रॉबर्ट विल्यम्स हा माजी मरीन सैनिक नागरी हक्क संघटनेच्या शाखेचा अध्यक्ष होता. त्याने रायफल क्लब काढला आणि १९५७ साली कू क्लक्स क्लानची गाड्यांतून आलेली टोळी गोळीबाराने परतवली. दोन वर्षांनी, एका गोऱ्या आरोपीची निर्दोष सुटका झाल्यावर, हिंसेला हिंसेने उत्तर देण्याची भाषा केली म्हणून संघटनेने त्याला निलंबित केलं. त्याच वर्षी एका मासिकात विल्यम्स आणि किंग यांचा वाद छापला गेला, आणि या विषयावर इतकं मुद्देसूद दुसरं काही क्वचितच सापडेल. किंगनी तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. शुद्ध अहिंसा, जी फार थोड्यांना पेलते. स्वसंरक्षण, जे सगळ्या समाजांनी मान्य केलं आहे आणि ज्याला गांधींनीही दोष दिला नाही. आणि प्रगती साधण्यासाठी हत्यार उचलून केलेली संघटित हिंसा, जी युद्धासारखी आहे. ही तिसरी त्यांना अमान्य होती. नैतिक कारणांनी, आणि काळे लोक लोकसंख्येच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे आहेत या साध्या गणितानेही. यशाच्या शक्यतेची अट ती हीच.

प्रत्यक्षात दुसरी पायरी सगळीकडे होती. मिसिसिपीच्या होम्स काउंटीत १९६३ साली मतदार नोंदणीला गेलेल्या हार्टमन टर्नबो या शेतकऱ्याच्या घरावर रात्री पेटते बॉम्ब पडले. त्याने बंदुकीने उत्तर दिलं. लुइझियानात जोन्सबरो गावी १९६४ साली ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ हे दल उभं राहिलं. त्यात माजी सैनिक बरेच होते, आणि अहिंसेची शपथ घेतलेल्या कार्यकर्त्यांचं संरक्षण करणं हे त्यांचं मुख्य काम. १९६६ साली जेम्स मेरेडिथला गोळी लागल्यावर मिसिसिपीतून जो मोर्चा निघाला, त्याला डीकन्सचं संरक्षण होतं आणि त्याच मोर्चात किंग चालत होते. दाराआडच्या बंदुकीने किंगना खोटं ठरवलं असं काही अभ्यासक म्हणतात. ते टोकाचं आहे. तिच्यामुळे कार्यकर्ते रात्री जिवंत राहिले. कायदे मात्र दिवसा रस्त्यावर चालणाऱ्यांनी बदलून घेतले.

आणि आणखी एक बंदूक होती केंद्र सरकारची, तिचा उल्लेख अहिंसेचे आणि स्वसंरक्षणाचे दोन्ही पुरस्कर्ते जरा हातचा राखूनच करतात. १९५७ साली लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी १०१ वी हवाई तुकडी पाठवली. सप्टेंबर १९६२ अखेर मिसिसिपी विद्यापीठात एका काळ्या विद्यार्थ्याला, याच मेरेडिथला, प्रवेश मिळवून देताना रात्रभर चकमक चालली. दोन माणसं मेली, दीडशेहून अधिक केंद्रीय मार्शल जखमी झाले आणि हजारो सैनिक उतरवावे लागले. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर घोडेस्वार पोलिसांनी मतदान हक्कांसाठी निघालेला मोर्चा झोडपल्यानंतर न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली, ती असं म्हणून, की रस्ता वापरण्याचा हक्क अन्यायाच्या आकाराच्या प्रमाणात मोजला पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. प्रमाणबद्धतेची जुनी अट अशी एका महामार्गाच्या वापराच्या निकालात येऊन बसली. मोर्चा सैनिकांच्या पहाऱ्यात माँटगोमेरीला पोहोचला. म्हणजे निःशस्त्र माणसं आपल्याच देशाच्या एका सत्तेविरुद्ध लढत होती आणि दुसऱ्या सत्तेला आपल्या बाजूने हत्यार उचलायला भाग पाडत होती. ती दुसरी सत्ताही काही निखळ मित्र नव्हती. एफबीआय त्याच काळात किंगचे फोन चोरून ऐकत होती.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसमधलं वॉट्स पेटलं आणि ३४ माणसं मेली, १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये ४३. या उद्रेकांना न्याय्य युद्ध म्हणणारेही आहेत. राग समजण्यासारखा होता, पण निर्णय कुणी घेतला, हेतू काय, थांबायचं कधी, यांतल्या कशाचंच उत्तर तिथे नव्हतं. मेलेल्यांत बहुतेक काळेच होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचा विचार मात्र वेगळ्याने करायला हवा. त्यांच्याकडे कार्यक्रम होता, मुलांसाठी सकाळची न्याहारी होती, आणि खांद्यावर उघड बंदूक होती. मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथरसाठी नाव घेतलं ते यांच्याकडून. पँथर्सवर लिहिताना अमेरिकेतही आणि इथेही बंदुकीच्या छायाचित्रालाच जास्त जागा मिळते, ही तक्रार रास्त आहे.

राहिला तह. न्याय्य युद्धाच्या अलीकडच्या चर्चेत लढाई संपल्यानंतरची जबाबदारी हा वेगळा भाग मानतात, आणि या लढ्याच्या बाबतीत सगळ्यांत अपुरा भाग तोच आहे. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेली. कुठल्याही सेनापतीला हेवा वाटावा असा हा आकडा. अपराध्यांचा हिशेब मात्र रेंगाळत राहिला. नॉर्मंडीत लढलेले चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना १९६३ साली घराच्या दारात मारणाऱ्याला शिक्षा झाली १९९४ मध्ये. सोळाव्या स्ट्रीटच्या चर्चमधल्या बॉम्बसाठी पहिला दोषी ठरला १९७७ मध्ये, शेवटचा २००२ मध्ये. एमेट टिलसाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

मतदान कायद्याचा कणा असा होता, की भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. कोणती राज्यं त्यात येतात हे ठरवणारं सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केलं. खटला आणला होता अलाबामातल्या शेल्बी काउंटीने, जी बर्मिंगहॅमला लागून आहे. निकाल आला त्याच दिवशी टेक्ससने जाहीर केलं, की केंद्राने अडवून धरलेला मतदार ओळखपत्राचा कायदा आता ताबडतोब लागू होईल.